कोब्यातली ओल

मेट्रनबाईंच्या चिरंजीवांनी आयुष्यात शेवटास नेलेली एकमेव गोष्ट म्हणजे त्यांचे स्वतःचे लग्न, आणि तेही सासऱ्याने घाई केली म्हणून. बाकी सारे अर्ध्यावर. परसातल्या झोपाळ्याला दोर होते, पण पाट नव्हता. जिन्याखालच्या कपाटाला फळ्या होत्या, पण पाठ नव्हती, त्यामुळे त्यातली पुस्तके भिंतीला डोके टेकून शिक्षा झाल्यासारखी उभी असत. दारावरच्या घंटीची तार बाहेरून आत आली होती आणि आत येऊन कुठे जावे हे न कळल्याने तिथेच लोंबत राहिली होती. असा हा आरंभशूर माणूस एका संध्याकाळी हातात पाणसळ घेऊन आईच्या खोलीत शिरला, खोलीतली फरशी उखडून तिथे अस्सल लाकडाची जमीन आपण स्वतः घालणार असल्याचे त्याने जाहीर केले, आणि ते जाहीर करताना पाणसळीतला बुडबुडा इतक्या कौतुकाने न्याहाळला की जणू तोही होकार देत होता.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"सुरू तू करशील," त्या म्हणाल्या. "पूर्ण कोण करणार आहे?"

मेट्रनबाई हे काही त्यांचे नाव नव्हते. एका मोठ्या इस्पितळात त्या मुख्य परिचारिका होत्या आणि तिथून निवृत्त होऊन कित्येक वर्षे लोटली तरी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापासून दूध टाकणाऱ्यापर्यंत सारी गल्ली त्यांना मेट्रनबाईच म्हणे. मुलगाही म्हणे, पण त्या ऐकण्याच्या टप्प्यात नाहीत याची खात्री करून. इस्पितळात त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी घरी येताना बरोबर आणला होता: उजाडण्यापूर्वी जमीन धुतली गेली पाहिजे. पुसली नव्हे, धुतली. पुसलेली जमीन म्हणजे तोंडावरून नुसता ओला हात फिरवून आलेला माणूस, असे त्यांचे मत होते, आणि अशा माणसांविषयी त्यांचे मत सर्वांना ठाऊक होते. रोज पहाटे भरलेली बादली, ताठ केसांचा ब्रश आणि पाणी ओढायला लांब दांड्याची रबरी पट्टी घेऊन त्या घरभर फिरत. गुडघे कुरकुरू लागल्यावर सुनेने एकदा कामाला बाई लावण्याचे सुचवून पाहिले होते. त्यावर मेट्रनबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. सुनेने तो विषय पुन्हा काढला नाही.

तर प्रश्न त्यांच्या खोलीचा होता. ही खोली रस्त्याकडेची. तिच्या खिडकीतून बसथांबा दिसे, औषधाचे दुकान दिसे आणि शाळेचे फाटक दिसे, आणि मुख्य म्हणजे या साऱ्यांना खिडकीत बसलेल्या मेट्रनबाई दिसत. रस्त्यात कागद टाकणाऱ्याला, मुलाचे बखोट धरून ओढणाऱ्या बापाला, थांब्यावर रांग मोडणाऱ्याला काचेवर अंगठीचे टकटक ऐकू येई आणि तो वर पाहण्याआधीच सुधारे. नोकरी सुटली होती. हुकूम मात्र सुटला नव्हता, आणि तो या खिडकीत राहत होता.

"चारच दिवस, आई," मुलगा म्हणाला, आणि त्यांची खाट, खुर्ची, औषधांचा डबा मागच्या खोलीत नेऊन ठेवला.

मागच्या खोलीत इस्त्रीचे टेबल होते. खिडकी होती, पण ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाहत होती. भिंत कधी रांग मोडत नसे, कागद टाकत नसे, आणि तिच्यावर टकटक करून काही उपयोग नव्हता. पलीकडच्या मोरीतले कपडे धुण्याचे यंत्र घरघर करत शेवटी असे थरथरे की मेट्रनबाईंच्या पेल्यातले दात खुळखुळत.

चार दिवसांचे किती झाले हे विचारणे त्यांनी सोडून दिले, कारण विचारले की मुलगा उत्तराऐवजी स्पष्टीकरण देई. त्याने फरशी उखडली. घाव जितके फरशीवर पडले तितकेच अंगठ्यावर पडले, आणि दोन्हींचा आवाज निरनिराळा असल्याने मागच्या खोलीत बसून मेट्रनबाईंना मोजदाद ठेवता येत होती. अंगठ्याला पट्टी त्यांनीच बांधली. बांधताना चेहरा असा ठेवला की त्याने पुढचा घाव जपून घालावा. फरशीखालचा काँक्रीटचा कोबा उघडा पडल्यावर त्याने उंचवटे घासून काढले, खळगे भरले आणि पाणसळ फिरवून फिरवून तो सपाट केला. तो कामावर गेल्यावर त्या पुढच्या खोलीत गेल्या, डब्यातली रक्तदाबाची गोळी कडेवर उभी करून कोब्यावर सोडली आणि ती घरंगळण्याची वाट पाहत राहिल्या. गोळी जागची हलली नाही. दुसऱ्या कोपऱ्यातही हलली नाही. मेट्रनबाईंनी ती उचलून पाण्याबरोबर घेतली, कारण त्या दिवशी रक्तदाब वाढण्यासारखेच घडले होते.

मग फळ्या आल्या. चांगल्या जाड, मधाच्या रंगाच्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या. त्या सरळ जमिनीवर बसवल्या जातील अशी कोणाही शहाण्या माणसाची कल्पना झाली असती. पण नाही. त्या जेवणाच्या टेबलाशेजारी रचून ठेवायच्या होत्या, मधे हवेला जागा ठेवून, का, तर त्यांना घरची हवा मानवली पाहिजे. मेट्रनबाईंनी विचारले की पाहुण्यांना चहा किती वाजता लागतो. त्या दिवसापासून घरातली माणसे फळ्यांना वळसा घालून आडवी होत टेबलाशी जाऊ लागली, आणि सूनबाई जेवताना ढिगाऱ्याच्या बाजूला कधी पाठ करीत नसे. तिचे म्हणणे, पाहुण्यांकडे पाठ करू नये.

एवढ्यात मेट्रनबाईंची धाकटी बहीण भेटायला आली. ही बाई सहानुभूती दाखवायला आली की समोरच्याने दार बंद करून घ्यावे. तिने मागच्या खोलीत चौफेर नजर फिरवली, इस्त्रीच्या टेबलावर हात ठेवला आणि निःश्वास सोडला.

"ताई, माझ्या जावेलाही असंच हलवलं होतं. रंग द्यायचाय म्हणाले. रंग केव्हाच वाळला. जाऊ अजून मागच्याच खोलीत आहे."

मेट्रनबाईंनी तिला सांगितले की तुझ्या जावेला कणा नव्हता, आणि मग चहा साखर न घालता दिला. पण ते वाक्य पाहुणीबरोबर गेले नाही. ते खोलीतच राहिले, यंत्राच्या घरघरीत मिसळून.

मुलाने हा उद्योग का आरंभला, तेही त्यांना सुनेकडूनच कळले. पहाटे उठताना थंडगार फरशीवर पाय टेकवत नाहीत म्हणून आई खाटेखाली पुठ्ठा अंथरून ठेवते, हे त्याने एकदा दारातून पाहिले होते. मेट्रनबाई यावर एवढेच म्हणाल्या की पाय माझे आणि थंडी वाजते त्याला. पण त्यानंतर मुलाच्या अंगठ्याची पट्टी बदलताना त्यांनी आतून कापसाचा एक पदर जास्त घातला.

आता गाडे लाकूडवाल्यापाशी अडले. या इसमाचे नाव निघाले की मेट्रनबाई कान बंद करीत, कारण तो काय म्हणतो हे सांगायला मुलगा एकदा लागला की जेवण निवे. म्हणून लाकूडवाल्याने सांगितलेली ती मुख्य गोष्ट त्यांनी ऐकलीच नाही: फळ्या घालण्याआधी कोब्यावर प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवायचा, खाली घाम धरला तर कोब्यात ओल आहे, आणि ओलीवर लाकूड घातले तर ते फुगून धनुष्यासारखे वर येते. मुलाने तुकडा चिकटवला. मेट्रनबाईंना तो दुसऱ्या पहाटे बादली घेऊन आत गेल्यावर दिसला. त्या काय समजायचे ते समजल्या. चिरंजीव काहीतरी करायला गेले आणि विसरले, जसे झोपाळ्याचा पाट विसरले.

उखडलेल्या खोलीतही त्यांनी धुणे थांबवले नव्हते, हे निराळे सांगायला नको. उलट आता सिमेंटची भुकटी होती, म्हणजे पाणी दुप्पट. आणि जमीन धुवायची तर कागदाखालची सोडून धुवायची, असली कामचुकारी त्यांच्या वॉर्डात कोणी करून टिकले नव्हते. पण रुग्णाच्या उशाशी ठेवलेली वस्तू, ती कितीही निरर्थक असली तरी, जिथल्या तिथे ठेवायची, हाही नियमच होता. म्हणून त्या कागद सोडवत, खालचा कोबा ब्रशने घासून धुवत, पाणी ओढून घेत, कडा तेवढ्या फडक्याने कोरड्या टिपत, आणि खिडकीत पडलेल्या रिळातली नवी चिकटपट्टी लावून कागद पुन्हा असा बंद करीत की कोणत्याही जखमेला अभिमान वाटावा. चिरंजीव उठेपर्यंत कागदाबाहेरचा कोबा वाळलेला असे. चिकटपट्टीचे रिळ दिवसेंदिवस रोडावत चालले होते, पण आपल्या वस्तूंकडे लक्ष ठेवणारा तो माणूसच नव्हे.

रोज संध्याकाळी तो कामावरून येई, गुडघ्यांवर बसे, कागदाखाली पाही आणि सुस्कारा सोडी. खाली टपोरे थेंब. त्याने पंखा लावून ठेवला. थेंब. खिडक्या उघड्या टाकल्या. थेंब. तो लाकूडवाल्याकडे गेला, परत आला, जुन्या नळांविषयी शेजाऱ्यांकडे चौकशी करून आला. मेट्रनबाईंनी मागच्या खोलीतून हे सारे पाहिले आणि मनाशी म्हटले, घोडे नेहमीच्या जागी पेंड खाऊ लागले.

अखेर एका रात्री जेवताना त्याने पाने आवरण्याची वाट पाहिली आणि मग बोलला. आवाज नेहमीचा नव्हता. त्यात स्पष्टीकरण नव्हते, हार होती.

"आई, जमिनीतच पाणी आहे. मी हात टेकले. फळ्या परत करतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"वाकडं नाही, ओलं आहे," तो म्हणाला. "अशा ओलीत मी तुला झोपवणार नाही. तू मागच्याच खोलीत राहा. ऊब आहे तिथे. पुढे मी माझी हत्यारं ठेवीन."

पलीकडे यंत्र शेवटच्या फेऱ्यात शिरून थरथरू लागले. मेट्रनबाईंच्या कानात धाकटीच्या जावेचा रंग वाळत होता. मुलगा मग कागदाची गोष्ट सांगू लागला, लाकूडवाल्याचे नाव तीनदा आले, आणि या खेपेस मेट्रनबाईंनी कान उघडे ठेवले, कारण आता खोली त्यांची जात होती. एवढे टपोरे थेंब, तो म्हणत होता, रोज, न चुकता, जणू कोणी आणून ओतते.

दुसऱ्या पहाटे त्या नेहमीप्रमाणे उठल्या. बादली भरली, पुढच्या खोलीत गेल्या, कागदाची एक कड नखाने सोडवली. खाली थेंब होते. त्यांनी ब्रश बुडवायला बादलीत हात घातला, आणि तो तिथेच राहिला. हे पाणी जमिनीतून कुठून येते हे शोधायला घरातला शिकलेला पुरुष गल्लीभर हिंडत होता. ते त्यांच्या कोपरापर्यंत आले होते.

माणूस सरळ असता तर मुलाला उठवून सांगून मोकळा झाला असता. मेट्रनबाई सरळ होत्या, पण वेड्या नव्हत्या. सांगितले तर काय होईल हे त्यांना लख्ख दिसत होते. मुलगा आधी हसेल. मग सुनेला सांगेल, मग लाकूडवाल्याला, औषधवाल्याला, धाकट्या बहिणीला. दर भेटीत, दर पंगतीत, प्लास्टिकच्या कागदापासून बादलीपर्यंत, एकही तपशील न गाळता. आयुष्यात काहीही शेवटास न नेणारा हा माणूस ही एक गोष्ट मात्र दर वेळी पुरी करील. आणि मग खिडकीच्या काचेवर अंगठी वाजली तर रस्त्यातला माणूस सुधारण्याऐवजी हसेल.

न सांगावे, तर धुण्याचा नियम मोडायचा. धुवावे, तर खोली जाते. त्यांनी ओला हात पदराला पुसला. मग बादली उचलून परसात नेली आणि अख्खी बादली लिंबाच्या बुंध्याशी रिती केली.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मुलाला सांगितले की इतक्यात हात टेकायचे नाहीत. कोबा पुन्हा वाळू द्यायचा, नवा कागद लावायचा, आणि पुढचा आठवडा सरेपर्यंत त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचे नाही.

"त्याने काय होणार आहे?"

"मी सांगते म्हणून."

या कारणापुढे त्याचे लहानपणापासून काही चालले नव्हते. त्याने कागद लावला.

तो आठवडा मेट्रनबाईंनी कसा काढला हे त्यांनाच माहीत. खोलीत भुकटी साचली. त्या भुकटीत कोणा मांजराची पावले उमटली, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत, अगदी सावकाश, जणू पाहणीला आले होते. त्या उंबरठ्याशी येत, पावले पाहत, हात पदरात घट्ट गुंडाळत आणि माघारी फिरत. हातांची शिवशिव कुठेतरी निघायला हवी म्हणून स्वयंपाकघर दोनदा घासले, पायऱ्या धुतल्या, शेजाऱ्याच्या फाटकालाही फडके मारले, तेव्हा शेजारीण घाबरून विचारायला आली की कोणी आजारी आहे का. बादली मात्र मोरीत पालथी पडून होती. सूनबाई येता-जाता तिच्याकडे पाही.

आणि मग एका संध्याकाळी पुढच्या खोलीतून हाक आली. कागदाखाली ठणठणीत कोरडे होते.

खरी शिक्षा इथून सुरू झाली. चिरंजीवांना उपपत्ती सुचली. वारा फिरला होता. वारा फिरला की जमिनीखालचे पाणी उतरते, आणि ते उतरावे म्हणून नेमक्या कोनात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, ज्या त्याने ठेवल्या होत्या. हे त्याने लाकूडवाल्याला सांगितले. धाकट्या मावशीला चित्र काढून दाखवले. "निरीक्षण लागतं," तो म्हणे, आणि मेट्रनबाई, ज्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांची निदाने एका भुवईने पाडली होती, त्या मूग गिळून बसत. त्यातला शब्द न् शब्द मूर्खपणाचा होता, आणि त्यातला एकही शब्द त्यांना खोडता येत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

काम मात्र चालू झाले. प्लास्टिकचा पडदा अंथरला, त्यावर प्लायवूड बसवले, आणि पाहुण्यांना अखेर हवा मानवल्याने ते जेवणाच्या टेबलापासून उठून आपल्या जागी जाऊ लागले. खाचेत जीभ, जिभेत तिरका खिळा, आणि पुढची फळी. भिंतीशी त्याने बोटभर फट सोडली, लाकडाला अंग पसरायला. मेट्रनबाई म्हणाल्या की अंग पसरणारा घरात एक होताच. शेवटची ओळ लांबीत कापून घालायची होती, आणि तिथे त्याचे हात अपेक्षेप्रमाणे मंदावले. मेट्रनबाईंनी आपली खुर्ची मागच्या खोलीतून स्वतः ओढत आणली, त्या अपुऱ्या जमिनीच्या मधोमध ठेवली आणि तीवर बसल्या. शेवटची फळी ठोकली जाईपर्यंत त्या उठल्या नाहीत. फटीवरच्या पट्ट्याही चारही भिंतींना लागल्या, दाराआडची एक सोडून.

खाट परत आली. खिडकी परत आली. पहिल्याच सकाळी थांब्यावर एक इसम रांगेत घुसला आणि अंगठीचा आवाज ऐकून असा दचकला की त्याची बस चुकली.

पण त्याआधी, उजाडण्यापूर्वी, त्या उठल्या होत्या. पाय खाली टेकले. पुठ्ठ्यासाठी हात गेला, आणि मग पायांनीच त्याला थांबवले. त्या तशाच बसून राहिल्या, अनवाणी, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ. मग सवयीने उभ्या राहून मोरीकडे निघाल्या, तर दारात सूनबाई उभी. हातात एक फडके, घडी घातलेले.

"पिळून आणलंय, आई. एक थेंब नाही त्यात."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिले. ज्या नजरेपुढे शिकाऊ परिचारिका आपण न केलेल्या चुकाही कबूल करीत, ती नजर. सून फडके पुढे धरून उभी राहिली.

"तुला काय माहीत आहे?"

"मला कुठे काय कळतं," सून म्हणाली. "बादली तेवढी आठवडाभर पालथी होती."

आतून चिरंजीवांच्या घोरण्याचा आवाज येत होता, मधेच थांबणारा, पुरा न होणारा.

"हे या खोलीबाहेर जायचं नाही."

"जमिनीखालचं पाणी होतं, आई. वारा फिरला आणि गेलं."

मेट्रनबाईंनी फडके घेतले. लाकडावरून एकदा फिरवले, दुसऱ्यांदा फिरवले. ना पाण्याचा आवाज, ना ब्रशचा. याला सफाई म्हणत नाहीत, याला गोंजारणे म्हणतात, त्या पुटपुटल्या. उद्या जमिनीला अंगाईही म्हणावी लागेल. भिंतीभिंतीने पुशीत त्या दारापर्यंत आल्या, दार पुढे ओढले, मागची उघडी फट पाहिली आणि सुनेच्या हातात फडके परत देत म्हणाल्या,

"उठव त्याला. दाराआडची पट्टी राहिलीय."